रथातून उतरताना

आमच्या घरणी नदीला मोठी नदी कुणी म्हणत नाही. पावसाळ्यात चार दिवस ती अंगावर येते, धरण भरल्याची बातमी गावभर फिरते, आणि उन्हाळा लागला की पात्रात दगडगोटे, वेड्या बाभळी आणि चरणारी शेरडं. पुढं ती मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळात बसून बायबल वाचणाऱ्याची यामुळं एक सोय झाली आहे. नामानाच्या गोष्टीतली यार्देन नदी मला कधी कल्पनेनं उभी करावी लागली नाही.

गोष्ट राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आहे. नामान अराम देशाचा सेनापती. राजाच्या मर्जीतला, लढाया मारलेला, पण अंगावर कुष्ठ. (हे कुष्ठ म्हणजे आजचाच महारोग असं धरून चालू नये. लेवीयाच्या पुस्तकात तसलेच चट्टे कपड्यावर आणि घराच्या भिंतीवरही उठतात.) त्याच्या घरात इस्राएलातून धरून आणलेली एक पोरगी त्याच्या बायकोच्या हाताखाली काम करते. ती एक दिवस बोलून जाते की आमच्या शोमरोनात एक संदेष्टा आहे, त्याच्याकडे धनी गेले असते तर बरे झाले असते. पोरीला पुस्तकानं नावसुद्धा दिलेलं नाही. जिच्या गावावर धाड घालून तिला आणलं, त्याच घराच्या धन्याचं बरं व्हावं असं तिला का वाटलं, हेही सांगितलेलं नाही. प्रवचनं करणारे तिच्यावरून दोन वाक्यांत पुढं जातात. मला वाटतं, अख्ख्या अध्यायात विश्वास म्हणावा असा पहिला आवाज तिचाच आहे, आणि त्याला कसलाही दर्जा नाही.

नामान निघतो तो मात्र दर्जानं. दहा किक्कार चांदी, सहा हजार शेकेल सोनं, दहा उंची पोशाख, आणि वर आपल्या राजाचं इस्राएलाच्या राजाला पत्र. म्हणजे बरं होण्याचं कामही त्यानं राजाकडून राजाकडे, रीतसर वरून लावून घेतलं. आपल्याकडे मंत्र्याची चिठ्ठी घेऊन दवाखान्यात जातात तसं. इस्राएलाचा राजा पत्र वाचून अंगावरचे कपडे फाडतो. त्याला वाटतं, हे भांडण उकरून काढणं आहे. शेवटी लवाजमा त्या संदेष्ट्याच्या, अलीशाच्या, दारात येऊन थांबतो. घोडे, रथ, माणसं. आणि अलीशा बाहेर येतच नाही. आतून निरोप येतो: यार्देनेत जा, सात वेळा बुडी मार.

इथं नामानाचं डोकं फिरतं, आणि तो जे बोलतो ते फार ओळखीचं आहे. त्याच्या मनात सगळं ठरलेलं होतं. संदेष्टा बाहेर येईल, माझ्यापुढं उभा राहील, देवाचं नाव घेईल, दुखऱ्या जागेवरून हात फिरवील. उपचार कसा व्हावा याचा आराखडा रोग्याच्या खिशात तयार. वर तो म्हणतो की दिमिष्काच्या अबाना आणि परपर या नद्या इस्राएलातल्या सगळ्या पाण्यापेक्षा चांगल्या नाहीत काय?

नामान नदीच्या बाबतीत खोटं बोलत नव्हता, हे मला फार आवडतं. अबाना म्हणजे आजची बरादा. डोंगरातून उतरून ती दिमिष्काच्या, म्हणजे दमास्कसच्या, बागा भिजवते, आणि वाळवंटाच्या काठावर ते शहर उभं राहिलं ते तिच्या जिवावर. परपर ही बहुधा तिच्या दक्षिणेची आवाज नदी. आणि यार्देन? वेडीवाकडी, खालच्या अंगाला गढूळ, आणि जाऊन मिळते ती मृत समुद्राला, जिथं मासा जगत नाही. नद्यांची परीक्षा लावली असती तर नामान पैकीच्या पैकी गुण घेऊन पास झाला असता. गर्व पुष्कळदा खऱ्या माहितीवरच उभा असतो. म्हणून तर तो इतका ताठ उभा राहू शकतो.

नदीचं नाव विसरायला लावणारा उन्हाळा आम्ही २०१६ साली पाहिला. लातूरकर म्हणून आम्हांला स्वतःचा अभिमान थोडा जास्तच. दहावी-बारावीच्या निकालांचा 'लातूर पॅटर्न' आम्हीच राज्याला दिला, असं पाहुण्याला पहिल्या चहाबरोबर सांगतो. त्या वर्षी धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, पुढं पन्नास डब्यांची गाडी पंचवीस लाख लिटर आणू लागली. डबे राजस्थानात कोट्याला आतून धुऊन काढलेले. मांजरेची माणसं कृष्णाकाठचं पाणी भांड्यांत धरत होती आणि कुणी विचारत नव्हतं की आमची नदी बरी की तुमची. मिरज म्हटलं की माझ्यासारख्या ख्रिस्ती घरातल्या माणसाला मात्र आधी पाणी आठवत नाही, डॉक्टर वॉनलेस आठवतात. १८९४ साली त्यांनी तिथं इस्पितळ सुरू केलं आणि दूरदूरची माणसं बैलगाड्या जुंपून तिकडं निघायची. घाटावरच्या जुन्या ख्रिस्ती मंडळींना ते वेगळं सांगावं लागत नाही. इस्पितळात प्रार्थना होती आणि चाकूही होता.

आता गोष्टीतली खरी मेख. नामान चिडून माघारी फिरतो, आणि त्याचे चाकर त्याला बापाच्या ठिकाणी मानून विचारतात: त्यानं काही अवघड सांगितलं असतं तर तुम्ही केलंच असतं ना? मग नुसती अंघोळ करा म्हणाला, तर एवढं काय? याला नामानाकडं उत्तर नाही. तो उतरतो आणि सात बुड्या मारतो.

त्यानं विश्वास ठेवला, असं पुस्तक इथं कुठंच म्हणत नाही. मी मुद्दाम वाचून पाहिलं आहे. इस्राएलाच्या देवाबद्दलची त्याची कबुली येते ती अंग लहान लेकरासारखं झाल्यावर, बुड्या मारून वर आल्यावर. बुडी मारताना त्याच्या मनात काय होतं? राग असेल, लाज असेल, चाकरांसमोर आता मागं कसं फिरावं ही पंचाईत असेल. शंका तर असणारच. तिसऱ्या-चौथ्या बुडीला डाग थोडा पुसट झाला, असं सभांमधून रंगवून सांगतात. पुस्तकात त्याचा पत्ता नाही. सहाव्या बुडीनंतरही तो तसाच होता, असं धरायला काही हरकत नाही. सहा वेळा काहीच न होता सातव्यांदा पाण्यात डोकं घालणारा माणूस शंकेखोरच असणार. पण तो रथातून उतरला होता.

शंका आणि गर्व यांना आपण एकाच खुंट्याला बांधतो, आणि सगळा घोटाळा तिथं होतो. शंका माणसाबरोबर नदीपर्यंत चालत जाऊ शकते. गर्वाला मात्र रथ सोडवत नाही. मार्काच्या नवव्या अध्यायातला बाप आठवा. त्याच्या पोराला फिट येते, पोर आगीत पडतं, पाण्यात पडतं. तो येशूला एका दमात दोन गोष्टी सांगतो: माझा विश्वास आहे, आणि माझ्या अविश्वासाला तुम्हीच हात द्या. असा अर्धवट अर्ज आमच्या तहसीलमध्ये कुणी घेतला नसता. तिथं पोरगा बरा झाला.

आमच्या भागातली एक हकीकत सांगतो. गाव सांगत नाही, माणूस तर नाहीच. बऱ्यापैकी शेती, राजकारणात ऊठबस, शब्दाला वजन. दंडावर एक फिकट चट्टा. न दुखणारा, न खाजणारा, आणि टाचणी टोचली तरी न कळणारा. घरोघर फिरून कुष्ठरुग्ण शोधायची मोहीम असते, त्यात गावच्या आशा कार्यकर्तीनं, आशाताईंनी, तो पाहिला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात चला म्हणाल्या. मालकांना ते झोंबलं. एकतर रोगाचं नाव, दुसरं म्हणजे ते उघड्यावर सांगणारी बाई, आणि तिसरं सरकारी दवाखान्याची रांग. ते मोठ्या शहरातल्या कातडीच्या मोठ्या डॉक्टरांकडं गेले. तपासण्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नावानं. कारण या रोगाच्या गोळ्यांचा पत्ता सहसा औषधाच्या दुकानात विकत मिळत नाही. तो सरकारी दवाखान्यातच मिळतो, फुकट. पैसे द्यायची सोयच नाही. नामानाच्या दहा किक्कार चांदीला अलीशानं हात लावला नाही, तसं हे.

तरी ते महिनाभर घरी बसून राहिले. मग आशाताई पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, "मालक, मुंबईला जाऊन दोन लाखाचं आपरेशन करा म्हणले असते तर तुमी केलं असतं की न्हाई? मग ह्या गोळ्या घ्यायला काय झालंय?" ताईंनी राजांचं दुसरं पुस्तक वाचलं असण्याचा काही संबंध नाही. मी हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आणि त्यानंतर हसूही.

उपचार साधाच असतो. महिन्याचा पहिला डोस आरोग्य कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत घ्यायचा, बाकीच्या गोळ्या रोज घरी. रोगाच्या प्रकाराप्रमाणं सहा महिने किंवा वर्षभर. लघवी लाल होते, एका औषधानं कातडी काही काळ काळवंडते. म्हणजे बरा होणारा माणूस आधी जास्त आजारी दिसतो. सहाव्या बुडीनंतरचा नामान हाच. हान्सेननं या रोगाचा जंतू शोधला १८७३ मध्ये; अनेक औषधं एकत्र देण्याची ही पद्धत आली १९८० नंतर. मधल्या शंभर वर्षांत आपल्याकडं वर्ध्याजवळ दत्तपूर उभं राहिलं, अमरावतीला तपोवन, वरोऱ्याला आनंदवन. ज्यांना हात लावायला घरचेही धजत नव्हते, त्यांना तिथं घर मिळालं. आज गोळी आहे आणि तरी माणूस चट्टा बाहीखाली झाकून हिंडतो. रोगाच्या जंतूवर औषध निघालं, पण लाजेच्या आत बसलेल्या मानावर अजून निघायचं आहे.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल मला आमच्याच लोकांशी भांडायचं आहे.

आमच्याकडचे निलंगा आणि उदगीर हे तालुके १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होते, आणि मेथडिस्ट मिशनचं काम इकडं बिदरकडूनच पसरलं. आमची मंडळी त्या मुळाची. जुन्या लोकांची उपासना शांत असायची. आता रात्रीच्या सभा असतात, भोंगे असतात, तेल लावून प्रार्थना असते, साक्ष असते. त्याला माझी हरकत नाही. आजाऱ्यासाठी प्रार्थना मीही करतो, आणि मनापासून करतो. हरकत आहे ती सभा संपल्यावर आजाऱ्याच्या कानाशी बोलल्या जाणाऱ्या एका वाक्याला. "तुमचा विश्वास कमी पडला." कॅन्सरनं झिजलेल्या बाईला हे ऐकवलेलं मी पाहिलं आहे. आधी दुखणं होतंच, वर आता गुन्हाही तिच्याच पदरात.

यासारखा गर्व दुसरा नाही. स्वतःच्या विश्वासाचं माप घेऊन दुसऱ्याला मोजायला निघणं. आणि हे माप शुभवर्तमानांत कुठून आलं? कफर्णहूमात चौघांनी पक्षाघाताच्या माणसाला छपरातून खाली सोडलं. तिथं येशूनं पाहिला तो त्या चौघांचा विश्वास, आणि खाटेवरचा माणूस तर तोंडच उघडत नाही. बेथेस्दाच्या तळ्याकाठचा अडतीस वर्षं आजारी असलेला माणूस बरा होतो तेव्हा त्याला आपल्याला बरं केलं कुणी हेही माहीत नसतं. गेथशेमानेत मल्खाचा कान जोडला जातो, तो तर पकडायला आलेल्या टोळीतला. आणि उलटं पाहायचं तर पौल. शरीरातला काटा निघावा म्हणून त्यानं तीनदा विनंती केली, काटा राहिलाच. आपल्या त्रफिमाला त्यानं मिलेतात आजारीच मागं ठेवलं, आणि तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. पौलाचा विश्वास कमी पडला, असं आमच्या सभेत म्हणायची कुणाची छाती आहे?

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते, आणि पहाटे चारच्या आधी भूकंपानं किल्लारी-सास्तूरच्या घरांच्या दगडमातीच्या भिंती त्यांच्यावर आल्या. हजारो गेले. त्यानंतर आमच्या भागात सगळ्याच धर्मांचे शहाणे लोक पापाचा हिशोब सांगत फिरत होते. लूकाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेल्याची बातमी आहे, आणि ते इतरांपेक्षा जास्त पापी होते काय, या प्रश्नाला येशूचं उत्तर सरळ नकारार्थी आहे. ते उत्तर त्या दिवसांत फार कमी लोकांनी वाचून दाखवलं.

पंडिता रमाबाईंकडं मी या संदर्भात पुन्हा पुन्हा जातो. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायला. कान दगा देऊ लागल्यानं ते राहिलं. त्याच वर्षी वॉन्टेजला बाप्तिस्मा झाला. पण पुढं वॉन्टेजच्याच सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार चालला, तो वाचताना कळतं की गर्व हा शब्द माणसावर किती सहज फेकता येतो. रमाबाई त्रैक्याबद्दल विचारत होत्या, चर्चच्या अधिकाराबद्दल विचारत होत्या, एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीचं जू मानेवर घ्यायला तयार नव्हत्या. सिस्टरबाईंना त्यात हट्ट आणि अहंकार दिसला. मला त्यात शंका दिसते, आणि शंकेच्या खाली न हललेलं काहीतरी. पुढं १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं संजीवन झालं, मुली तासन् तास प्रार्थनेत रडत होत्या, त्याची बातमी जगभर गेली. त्या सगळ्याच्या मधोमध बसलेल्या रमाबाईंना ऐकू कमीच येत होतं, आणि कमीच येत राहिलं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. बायबलाचं मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत भाषांतर करण्याचं काम हातात होतं, ते त्यांनी पुरं करत आणलं, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. बहिरेपण गेलं नाही म्हणून रमाबाईंचा विश्वास कमी होता, असं कुणी म्हणून दाखवावं.

औषध घेणं म्हणजे अविश्वास, असं मानणाऱ्यांनाही राजांचं दुसरं पुस्तक मध्येच सोडून चालत नाही. नामानानंतर पंधरा अध्यायांनी हिज्कीया राजा मरणाला टेकतो. तो रडून प्रार्थना करतो, प्रार्थना ऐकली गेल्याचा निरोप येतो, आणि लगेच यशया म्हणतो की अंजिरांचं पोटीस आणा आणि गळवावर बांधा. दोन्ही एकाच प्रसंगात आणि एकाच माणसाच्या तोंडून. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यावर आपल्या राज्यात जो जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यात साप-कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं गुन्हा ठरलं. काही विश्वासी मंडळी या कायद्याला बिचकतात. यशयाला त्यानं काही फरक पडला नसता.

नामानाचा अध्याय सभेत वाचतात तो बहुतेक वेळा चौदाव्या वचनापर्यंत. अंग शुद्ध झालं, हालेलुया, बसा. पण पुढं तेरा वचनं आहेत आणि खरं अवघड तिथं आहे. बरा झालेला नामान अलीशापुढं उभा राहून दोन गोष्टी मागतो. एक, दोन खेचरांवर लादता येईल एवढी इथली माती. ज्या देशाच्या पाण्याला त्यानं नावं ठेवली, त्याच देशाची माती. दुसरी मागणी अधिक विचित्र. मी घरी गेल्यावर माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमेल, तेव्हा मलाही वाकावं लागेल, त्याची क्षमा असावी. आत्ताच एक देव मानला आणि आत्ताच सवलत. आमचा एखादा जहाल प्रचारक असता तर नामानाला तिथंच परत पाण्यात घातला असता. अलीशा त्याला वाद न घालता शांतीनं वाटेला लावतो. अर्ध्या समजुतीचा, उद्या दुसऱ्याच्या देवळात वाकणारा हा माणूस त्याला चालला.

चालला नाही तो गेहजी. अलीशाचाच सेवक, रोजचा सोबती, चमत्कार शेजारून पाहिलेला. नामानाकडून धन्यानं काही घेतलं नाही हे त्याला सोसलं नाही. तो रथामागं धावला, खोटं बोलून दोन किक्कार चांदी आणि दोन पोशाख घेऊन आला, आणि ते नामानाचं कुष्ठ त्याला लागलं. ज्याला कसलीच शंका नव्हती, त्याला. बरं होणं फुकट झालं, ही गोष्टच त्याला मान्य नव्हती.

एका पावसाळ्यात सभेतलं वाचन माझ्याकडं आलं तेव्हा मी थांबलो नाही, सत्ताविसाव्या वचनापर्यंत वाचलं. दानाची पिशवी फिरायच्या आधी वाचलं, हा योगायोग नव्हता. पाळकही समजून हसले. सभा सुटल्यावर दहावीतल्या एका पोरानं मला गाठलं. "सर, गेहजीचं पुढं काय झालं?" मी त्याला आठवा अध्याय काढून दिला. तिथं गेहजी राजासमोर उभा आहे आणि अलीशानं कुणाकुणाला कसं जगवलं, त्याच्या साक्षी राजाला सांगतो आहे. अभ्यासक म्हणतात की हे प्रकरण कदाचित आधीचं असेल, मागंपुढं झालं असेल. पोराचा प्रश्न वेगळाच होता. साक्ष देताना त्याच्या अंगावर डाग होता का, हे त्याला हवं होतं. पुस्तक त्यावर काही बोलत नाही, असं मी त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, मग राजानं त्याला जवळ उभं कसं केलं? आणि आम्ही दोघं तिथंच, सतरंज्या गुंडाळणाऱ्या पोरांच्या मध्ये उभं राहून, त्या एका वचनावर बराच वेळ वाद घालत राहिलो.